इवाईंचा आतला रस्ता

टोल भरल्याशिवाय जिथं पोचता येत नाही असं एकही गाव यवतमाळ जिल्ह्यात नाही, आणि असलंच तर आमच्या इवाईंच्या लेखी ते गाव जिल्ह्यातच नाही. इवाई म्हणजे व्याही. माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली. महागावकडच्या एका तांड्यावर त्यांचं कापसा-तुरीचं वावर आहे, दारात एक जुनी पांढरी जीप आहे आणि डोक्यात सबंध जिल्ह्याचे असे रस्ते आहेत, की जे खुद्द रस्त्यांनाही ठाऊक नसतील. मी पडलो एसटीचा वाहतूक नियंत्रक. उभा जन्म यवतमाळच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेला. गाडीनं ठरलेल्या रस्त्यानं जावं, ठरलेल्या वेळी पोचावं आणि मधेच कोणाच्या अंगणात शिरू नये, यापलीकडे मला प्रवासातलं काही कळत नाही. अशा माणसाच्या पदरात देवानं नेमके हे इवाई टाकले. बरं, नातं असं नाजूक, की भांडायची सोय नाही. मुलगी त्यांच्या घरात.

महागावहून यवतमाळला यायला आर्णीवरून सरळसोट मोठा रस्ता आहे. इवाई तो रस्ता 'त्यायचा रस्ता' म्हणतात. त्यायचा म्हणजे कोणाचा, ते मला अजून कळलेलं नाही. आपण तिकडून आलो असं कोणी म्हटलं की ते त्या माणसाकडे अशा नजरेनं बघतात, की बिचाऱ्यानं जणू सोयरिकीत दगाच दिला. ते स्वतः पुसद, दिग्रस, दारव्हा अशी प्रदक्षिणा घालून येतात, आणि त्यातही जिथं पक्का डांबरी रस्ता लागतो तिथं त्यांचा जीव घुसमटतो. लगेच जीप वळवून ते एखाद्या पांदणीत घालतात. ह्याला ते 'आतला रस्ता' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात गावांचे पत्तेही टोलनाक्यावरून ठरतात. अमकं गाव नाक्याच्या अलीकडे, तमकं पलीकडे. मुलाला स्थळं आली तेव्हाही, 'पोरीचं गाव नाक्याच्या कोन्या बाजूले?' हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. आम्ही यवतमाळचे. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी येता येतं, म्हणून ही सोयरीक जुळली असा माझा पक्का समज आहे. मुलीनं एवढं शिकून घेतलं ते सगळं वाया गेलं.

डिझेलचं काय, असं त्यांना कधी विचारू नये. मी एकदाच विचारलं होतं. आम्ही बंजारा, आपसात बोलतो ती आमची गोरबोली. पण टोलचा विषय निघाला की इवाई वऱ्हाडीत शिरतात, कारण त्यांच्या मते भांडाभांडीला वऱ्हाडीसारखी भाषा नाही. ते म्हणाले, "इवाई, पैशाची गोठ नाई हाय. तुमचा माहा आजा, त्याचा आजा, सारे लदेणीवर फिरले का नाई? बैलाच्या पाठीवर धान्य, मीठ लादून कुठच्या कुठं गेले. हे वाटा पडल्या कायनं? आपल्या बैलाच्या खुरानं पडल्या. आन आता त्याच्यावर डांबर सांडून हे मले म्हंतेत, पैसे दे! वाट आमची, नाका कोनाचा?" लदेणी म्हणजे आमच्या पूर्वजांचा माल वाहण्याचा धंदा. तो बंद पडून किती पिढ्या गेल्या. आता आम्ही शेतं करतो, नोकऱ्या करतो. पण इवाईंच्या बोलण्यात ते बैल काल संध्याकाळीच घरी परतल्यासारखे असतात. मी म्हटलं, "पण इवाई, बैलांना डिझेल लागत नव्हतं." यावर ते माझ्याकडे पाहून फक्त हसले आणि सुनेला म्हणाले, "तुया बापाले अजून चहा दे वो." म्हणजे विषय संपला.

हा धर्म त्यांनी स्वतःपुरता ठेवला असता तरी चाललं असतं. पण त्यांना प्रचाराची भारी हौस. एकदा आम्ही पांढरकवड्याला एका नातेवाइकाच्या घरवास्तूला गेलो होतो, अर्थातच घाटंजीच्या आतून. तिथं हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर नागपूरचं एक कुटुंब जेवत होतं. नवरा-बायको, आजीबाई, मोठी चकचकीत गाडी, हैदराबादला निघालेले. त्या गृहस्थानं इवाईंना सहज विचारलं, की पुढं चांगला चहा कुठं मिळेल? एवढं पुरे झालं. इवाईंनी त्याला चहा सांगितला, पण तो आतल्या रस्त्यावरचा. "मोठ्या रस्त्यानं कायले जाता? इथून डावं घ्या, शाळा लागन, मंग नाला लागन, नाल्यातून पल्याड गेले का फुकटात निंगता." ते भले लोक खरोखरच गेले. दोनेक तासांनी आम्ही परतीला लागलो तेव्हा ती चकचकीत गाडी एका सोयाबीनच्या वावरात चाकापर्यंत रुतलेली आणि आजीबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाज टाकून बसून कोणाच्या तरी घरची ज्वारीची भाकर खात असलेल्या दिसल्या. मला वाटलं, आता इवाई मार खाणार. पण आजीबाईच म्हणाल्या, "अहो, किती वर्षांनी अशी हिरव्या मिरचीच्या ठेच्याशी भाकर खाल्ली!" इवाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही. ट्रॅक्टर बोलावून गाडी काढली, तीही त्यांनीच.

पण माझ्या मुलीच्या लग्नात जे झालं त्यापुढं हे काहीच नाही. लग्न यवतमाळला, आमच्या दारी. मुहूर्त दुपारचा. वरात महागावकडून येणार. मी चार वेळा फोन करून, हात जोडून सांगितलं होतं, की आजच्या दिवस मोठ्या रस्त्यानं या, नाक्यावर मी स्वतः उभा राहतो. ते म्हणाले, "तुमी चिंता नोका करू." ह्या वाक्यानंतर माणसानं चिंताच करायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वरातीची बस, मागं जीपगाड्या, सगळा लवाजमा त्यांनी आतल्या रस्त्याला घातला. आता आतल्या रस्त्यावर आमचेच तांडे. आणि आमच्या लोकांत वरात तांड्यावरून जाऊ लागली, की तिथल्या नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, ओलांडून पुढं जाता येत नाही. पाणी तरी प्यावंच लागतं. पाणी म्हणजे आधी पाणी, मग चहा. चहा व्हायचा तर बायका खाली उतरणार. बायका उतरल्या की गाणं, गाणं सुरू झालं की फेर, फेर धरला की नायकाची म्हातारी येऊन म्हणणार, नवरदेव उपाशी जाईल तर माझ्या तांड्याचं नाव काय राहील! असं एका तांड्यावर नाही, वाटेत लागेल त्या प्रत्येक तांड्यावर झालं. इकडे मांडवात भटजी घड्याळ बघतायत, मी रस्ता बघतोय, आणि मुलगी नवरीच्या वेषात बसून मला म्हणते, "बाबा, यांच्या घरात माझं कसं होईल हो?" सूर्य कलला तेव्हा वरात आली. पुढं वरात, आणि तिच्यामागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाटेतल्या तांड्यांची माणसं. मी पुढं झालो, काही बोलणार तेवढ्यात इवाईंनी मला मिठीच मारली. "इवाई, त्यायच्या रस्त्यानं आलो असतो तं दुपारीच आलो असतो. पन मंग एवढी मानसं कुठून आनली असती?" गंमत म्हणजे वरात जागोजागी जेवून आली होती आणि मागं आलेली माणसं उपाशी होती, त्यामुळे आमचा स्वयंपाक बरोबर पुरला. मी भोंग्यातून उशिराच्या गाड्या पुकारत नोकरी संपवली, पण इतक्या उशिरा येऊन इतकी खूश असलेली गाडी माझ्या पाहण्यात नाही.

जावई यवतमाळलाच नोकरीला आहे, समजूतदार मुलगा. त्यानं मधे बापाच्या जीपच्या काचेवर फास्टॅग चिकटवून दिला. महिन्याभरानं आम्ही तांड्यावर गेलो तर काच स्वच्छ. फास्टॅग बैलबंडीच्या साटीच्या फळीवर नीट खिळे ठोकून बसवलेला. "बंडीले टोल माफ हाय," इवाई म्हणाले, "आता पाहू त्यायची मशीन कोनाचे पैसे घेते ते." मग जावयानं फोनमधला नकाशा दाखवला. त्यात एक खूण केली की फोन आपणहून बिनटोलचा रस्ता शोधून देतो. त्याला वाटलं, बाबा खूश होतील. बाबा इतके दुखावले की दोन दिवस नीट जेवले नाहीत. जन्मभर वणवण करून जे शिकले ते आता कोणाच्याही फोनमध्ये फुकट! तिसऱ्या दिवशी मात्र स्वारी फोन घेऊन निघाली, आणि परत आली ती छाती फुगवून. फोनमधली बाई त्यांना जो रस्ता सांगत होती त्यावर धरणाचं पाणी आलेलं होतं. "हे बाई इकडं आली हाय काय कधी?" ते मला विचारत होते, जणू काही ती माझ्याच नात्यातली. नंतर कितीतरी दिवस ते ती बाई सुरू ठेवून मुद्दाम उलट्या वाटेनं जात, आणि ती गोंधळली की तिची समजूत काढत, "राहू दे माय, तुयानं नाई होत."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मग तीनेक वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. थेंब घालून आहे ते राखता येईल; गेलेलं परत येणार नाही. गेलं होतं ते बाजूचं. समोरचं त्यांना चांगलं दिसतं, अगदी सुईत दोरा ओवतील. पण डावी-उजवी बाजू हळूहळू मिटत आलेली. जावयानं सांगितलं, बाबा, आता जीप बंद. बाबांनी सांगितलं, मेल्यावर. सबंध घर त्या एका किल्लीसाठी धुमसत राहिलं. मुलगा लपवायचा, बाप शोधून काढायचा. जीप गेली तर ह्या माणसाकडे काय उरतं, हे मुलालाही कळत होतं. म्हणून तो जोर करत नव्हता. शेवटी एक दिवस तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मामाजी, तुम्ही एसटीनं तांड्यावर जा आणि येताना बाबांसोबत जीपमधून या. तुम्ही जन्मभर ड्रायव्हर पाहिलेत. तुम्ही म्हणाल, चालवू द्या, तर मी परत तोंड उघडणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर किल्ली घेईन." इवायानं इवायाची परीक्षा घ्यायची! पण मुलगीही मागं उभी होती, तिच्या कडेवर आमचा दोघांचा नातू. गेलो.

कापूस फुटायचे दिवस होते. तांड्यावरून आम्ही सकाळीच निघालो. मी कारण काहीतरी खोटंच सांगितलं, पण इवाई काही कच्चे नाहीत. ते नवा धुतलेला शर्ट घालून, टोपी ठाकठीक करून परीक्षेलाच बसले होते. आणि काय सांगू, उत्तम चालवत होते. मी मनातल्या मनात शेरे मारत होतो, वेग बरोबर, गिअर बरोबर, हॉर्न जरा जास्त. तो मात्र फार. वळण असो नसो, घर दिसो न दिसो, भों भों चालूच. शिवाय ते मला रस्ता आधीच सांगत होते. "आता गड्डा येते, डाव्या अंगाले." येई. "आता रपटा, नाल्यावरचा." येई. "इथं वावरातून पाइप आनला हाय, धक्का बसन." बसे. मी कौतुकानं बघत होतो. एसटीत असता तर हा माणूस विनाअपघाताचा बिल्लेवाला ड्रायव्हर झाला असता, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डाव्या बाजूच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून एक म्हातारी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन रस्त्यावर आली. माझ्या बाजूनं. मला ती दिसली, चांगली लांबून दिसली. इवाई तसेच चालले होते, नजर समोर, चेहऱ्यावर तीच प्रसन्नता. मी ओरडलो, "इवाई!" त्यांनी करकचून ब्रेक दाबला. म्हातारी हातभर अंतरावर धपकन खाली बसली, गाठोडं सुटून कापूस रस्ताभर झाला.

तिला लागलं नव्हतं. लागलं असतं तर मी आज हे लिहायला बसलोच नसतो. ती उठली आणि जीपच्या तोंडाशी येऊन कडाडली, "डोये फुटले काय रे तुये?"

इवाई खाली उतरले. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारा माणूस, हात जोडून म्हणाला, "हो माय." मग खाली बसून तिचा कापूस वेचू लागला. मीही बसलो. समोरचा कापूस ते भराभर वेचत होते. गुडघ्याशेजारी, अंगाखाली पडलेला तसाच राहत होता, तो मी उचलत होतो. म्हातारी आमच्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं कोण जाणे, तिनं गाठोड्याचं फडकं पसरून आमच्यापुढं धरलं. गाठोडं मी तिच्या डोक्यावर चढवून दिलं.

जीपशी आल्यावर इवाई स्टिअरिंगकडे गेलेच नाहीत. दुसऱ्या बाजूनं आत बसले आणि किल्ली माझ्यापुढं धरली. मी स्टिअरिंगवर बसलो. मग आमच्या बोलीत, अगदी हळू आवाजात ते बोलू लागले. मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या येतात, कुठून येतात ते कळत नाही, भीती वाटते. ह्या रस्त्यावर काय आहे ते आपल्याला पाठ आहे, आणि ह्या रस्त्याला आपण पाठ आहोत. हॉर्न ऐकला की लोक म्हणतात, आला जीपवाला, आणि पोराढोरांना बाजूला ओढतात. दोन वर्षं अशीच काढली. "लोकायनंच चालवली इवाई जीप, म्या नाई चालवली," ते शेवटी वऱ्हाडीत म्हणाले. "हे बुढी परगावची असन. तिले कोनी सांगतलं नाई." मला त्या घटकेला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हीतलं काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी गाडी सुरू केली.

यवतमाळला पोचलो तेव्हा जावई त्याच्या घराच्या फाटकात उभा होता. स्टिअरिंगवर मला बघून त्याचा चेहरा उतरला. निकाल त्याला कळला होता, आणि आता बापाला काय वाटत असेल ते त्याच्यानं बघवत नव्हतं. मी काहीतरी शब्द जुळवत होतो. पण इवाईच आधी खाली उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून मुलाला म्हणाले, "तुया सासऱ्याले काई म्हंजे काई रस्ते येत नाई. उभी जिंदगी स्टँडवर गेली, येईन कुठून? आता मलेच बाजूले बसून शिकवा लागन त्यायले. चाबी त्यायच्यापाशीच राहू दे." आणि घरात जाऊन त्यांनी सुनेला चहा मागितला. जावई माझ्याकडे बघत राहिला. मी मान डोलावली. खरं म्हणजे ते शंभर टक्के खरंच बोलले होते. मला रस्ते येत नव्हते.

तेव्हापासून पंधरवड्यात एकदा तरी मी तांड्यावर जातो आणि आम्ही दोघं निघतो. मी चालवतो, इवाई डावीकडे बसून शिकवतात. मास्तर म्हणून ते फार वाईट आहेत. गिअर बदलला तरी चुकतो, नाही बदलला तरी चुकतो. मी एकदा भीत भीत सुचवलं, की आज त्यायच्या रस्त्यानं जाऊ, लवकर पोचू. ते म्हणाले, "लवकर पोचून तुमाले ड्युटीवर जाचं हाय काय?" नाही खरं. मग आम्ही आतूनच जातो.

परवा असेच दारव्ह्याच्या अलीकडे होतो. ऊन कोवळं होतं. मी नेहमीप्रमाणे खड्ड्यांवर लक्ष ठेवून होतो. ते म्हणाले, "इवाई, बोला ना काई. काय दिसते?"

"रस्ता," मी म्हणालो.

"तो मलेही दिस्ते. बाजूचं सांगा."

मग मी सांगू लागलो. डावीकडे तूर आहे, फुलावर आली आहे. उजवीकडे कोणाची तरी विहीर खणणं चाललंय. पळस आहेत. पुढं पुलाच्या कठड्यावर एक माणूस बसलाय, म्हातारा आहे, पांढरं पागोटं. तो आपल्या जीपकडं बघून हात करतोय.

"कोन्या बाजूले?" इवाईंनी घाईनं विचारलं.

"तुमच्याच."

त्यांनी मान वळवली, हात उंच केला आणि जोरात 'राम राम' घातला. तोवर पूल मागं गेला होता. हात मात्र त्यांनी तसाच बाहेर ठेवला. मी गाडी थांबवली आणि हळूहळू मागं घेतली.